विंच टकटक करते, पण ओढत नाही: मोटर खोलण्याआधी काय काय बघायचं

आधी लक्षणं

गाडीवरच्या विंचचं (रुतलेली गाडी दोराने ओढून काढणाऱ्या, मोटरवर चालणाऱ्या यंत्राचं) बटण दाबलं की ‘टक’ असा एकच आवाज येतो आणि पुढे शांतता. किंवा ‘टकटकटकटक’ अशी टिमकी वाजत राहते आणि ड्रम जागचा हलत नाही. तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. दोर मोकळा असताना विंच झरझर फिरते, पण हुक कुठे अडकवून ओढायला लावली की दम टाकते. हेडलाइट पिवळे पडतात, मोटरचा आवाज खोल जातो आणि पाच-सात सेकंदांत सगळं थांबतं. कधी दोर बाहेर सोडते पण आत घेत नाही. कधी पहिली ओढ नीट होते, दुसऱ्या-तिसऱ्या ओढीला रुसते आणि तासाभराने पुन्हा शहाण्यासारखी चालते.

ही सगळी एकाच घरातली भावंडं आहेत, आणि हा लेख मुख्यतः त्यांच्याबद्दल आहे.

आणखी तीन लक्षणं वेगळ्या घरची: मोटर फिरते पण ड्रम फिरत नाही, बटण सोडलं तरी विंच थांबत नाही, विंच थांबवल्यावर गाडी हळूहळू मागे सरकते. पहिलं बहुतेक वेळा अर्ध्या मिनिटात सुटतं. उरलेली दोन धोक्याची आहेत, त्यांच्याबद्दल शेवटी लिहिलं आहे. तुमचं दुखणं त्या दोनांपैकी असेल तर मधलं वाचत बसू नका, थेट तिथे जा.

दोष मोटरचा का नसतो

पिकअपवरची विंच बंद पडली की ‘मोटर गेली’ हे निदान ठरलेलं असतं. मीही सुरुवातीला तेच करायचो. मोटर उतरवायची, खोलायची, कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे ब्रश) बघायचे, सगळं ठणठणीत निघायचं, आणि परत बसवली की विंच तशीच रुसलेली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मग पुढच्या प्रत्येक गाडीला बॅटरीपासून सुरुवात करायची सवय लावून घेतली, आणि मोटर खोलायची वेळ क्वचितच आली. कुठल्यातरी सांध्यात करंट अडलेला असतो, आणि बऱ्याचदा तो सांधा विंच बसवली त्याच दिवशी बिघडवलेला असतो.

याचं कारण आकड्यांत आहे. चार-साडेचार हजार किलो ओढीची १२ व्होल्टची विंच पूर्ण लोडवर ३५० ते ४५० अँपिअर करंट खेचते. हेडलाइटची जोडी खेचते साधारण नऊ. सेल्फही मोठा करंट खातो, पण एक-दोन सेकंद. विंच मिनिटभर खाते. आता समजा, एका ढिल्या टर्मिनलला ओहमचा फक्त शंभरावा भाग, म्हणजे ०.०१ ओहम, एवढा रोध आहे. साध्या मल्टिमीटरवर तो दिसणारसुद्धा नाही. पण त्यातून ४०० अँपिअर गेले की तिथे ४ व्होल्ट खर्ची पडतात. बारातले चार गेले, मोटरला उरले आठ. आणि त्या सांध्यावर १६०० वॉटची उष्णता तयार होते, कपड्यांच्या इस्त्रीपेक्षा जास्त, एका बोल्टच्या डोक्याएवढ्या जागेत.

मोकळी फिरताना तीच विंच ७०-८० अँपिअर खेचते, तेव्हा त्याच सांध्यावर जेमतेम पाऊण व्होल्ट जातो आणि कुणाला कळतही नाही. म्हणून अंगणात बटण दाबून ‘चालते की’ म्हणणं ही तपासणी नव्हे. विंचची खरी परीक्षा लोडवरच होते.

हात लावण्याआधी

अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवा. बॅटरीच्या प्लसवर पाना आणि पान्याला चिकटलेली अंगठी बॉडीला टेकली, तर अंगठी निघेपर्यंत बोट भाजून निघतं. टर्मिनल सोडताना आधी मायनस काढा, लावताना मायनस शेवटी. हात जोडणीत असताना रिमोटची वायर विंचमधून काढून स्वतःच्या खिशात ठेवा. दुसऱ्या कुणाच्या हातात नको. आणि ताणलेल्या दोराच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, दोर ओलांडायचाही नाही. लोडवर तुटलेला वायररोप माणूस बघून वळत नाही.

आता तपासण्या. क्रम सोप्याकडून अवघडाकडे आहे, तो मोडू नका. मधली पायरी गाळली की पुढच्या पायरीवरचं माप खोटं येतं.

१. क्लच, रिमोट आणि मेन स्विच

मोटर फिरते आणि ड्रम नाही, तर क्लचचा दांडा पूर्ण बसलेला नाही. ‘बसल्यासारखा दिसतो’ आणि ‘बसला’ यात फरक आहे. ड्रम हाताने थोडा मागेपुढे हलवत दांडा फिरवा. आतले दात एकमेकांत शिरतात तेव्हा हाताला ठोका जाणवतो. हे कधीही लोडवर करायचं नाही. अर्धवट बसलेल्या क्लचवर ओढ घेतली तर दातांची टोकं गोल होतात, मग तो क्लच कायमचा निसटता होतो.

रिमोटच्या सॉकेटमधल्या पिना टॉर्च मारून बघा. हिरवट पावडर दिसली तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि प्लग दहा-बारा वेळा आत-बाहेर करा. वायरलेस रिमोट असेल तर सेल बदला, मग बोला. बॅटरी आणि विंच यांच्यामध्ये मेन स्विच बसवला असेल तर तो चालू आहे ना, हे विचारायला मला लाज वाटते, पण विचारतो. आणि त्या स्विचवर सलग किती अँपिअरचं रेटिंग छापलंय तेही वाचा. २०० अँपिअरचा स्विच ४०० च्या वाटेवर बसवलेला असेल तर तुमचा गुन्हेगार इथेच सापडला.

२. बॅटरी

गाडी तासभर बंद असताना बॅटरीच्या दोन खांबांवर मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. १२.० दाखवत असेल तर विंचला दोष देऊ नका, आधी बॅटरी चार्ज करा. इंजिन चालू केल्यावर आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान चढला पाहिजे. नाही चढला तर अल्टरनेटर भरत नाहीये.

इथे एक गैरसमज पक्का बसलेला असतो: ‘इंजिन चालू आहे, म्हणजे अल्टरनेटर विंच चालवतो.’ नाही. पिकअपचा अल्टरनेटर साधारण शंभर-सव्वाशे अँपिअरचा. विंच मागते चारशे. उरलेलं सगळं बॅटरीतून जातं. इंजिन चालू ठेवायचं ते बॅटरी लवकर बसू नये म्हणून, आणि दोन ओढींच्या मधल्या विश्रांतीत ती पुन्हा थोडी भरावी म्हणून. म्हणूनच पहिली ओढ चांगली आणि तिसरी मरतुकडी असं होतं.

बॅटरी निवडताना अँपिअर-अवर सगळे बघतात. विंचसाठी त्याहून महत्त्वाचा आकडा सीसीएचा, म्हणजे थंडीत एका दमात किती करंट देऊ शकते त्याचा. मोठ्या विंचला किमान ६५० सीसीए असं बहुतेक माहितीपत्रकांत लिहिलेलं असतं, आणि ते ‘किमान’ आहे.

लोडवरची परीक्षा पायरी पाचमध्ये एकदमच करू, कारण त्यासाठी मांडामांड लागते.

३. टर्मिनल आणि लग

प्रत्येक जोड हाताने धरून पिळून बघा. पान्याने नाही, हाताने. जो लग (केबलच्या टोकाला बसवलेला भोकाचा धातूचा तुकडा) हाताने फिरतो तो ढिलाच आहे, मग नट कितीही घट्ट दिसो. विंच प्रत्येक ओढीला थरथरते आणि केबल जड असते. तिच्या वजनानेच नट सैल होत जातात. बसवल्यानंतर पहिल्या दोन-तीन ओढी झाल्या की सगळे नट पुन्हा आवळायचे असतात. ते कुणीच करत नाही.

मग जोड उघडा. बॅटरीचा खांब आणि टर्मिनलची आतली बाजू शिशासारखी करडी, मॅट दिसत असेल तर पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा. पांढरा-निळसर फुलोरा आला असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने धुवा आणि पूर्ण सुकू द्या. लग आणि स्टड यांच्यामध्ये वॉशर असता कामा नये. लग थेट दुसऱ्या लगला किंवा स्टडच्या बैठकीला टेकला पाहिजे, वॉशर नटाच्या बाजूला. लोखंडी वॉशर मधे घालून केलेले जोड मी इतक्या वेळा बघितलेत की आता उघडण्याआधीच शंका येते. व्हॅसलिन किंवा ग्रीस लावायचं ते आवळून झाल्यावर, वरून.

लगचं क्रिम्प, म्हणजे लग केबलवर दाबून बसवणं, हे वेगळं प्रकरण. एका पिकअपवर सगळी जोडणी बघण्यासारखी होती. लाल-काळ्या स्लीव्ह, केबल टायने बांधलेल्या ओळी, एकही वायर लोंबत नाही. विंच मात्र लोडवर दोन सेकंदात बसायची. तीन सेकंद बटण दाबून ठेवलं आणि प्लसच्या लगवरच्या स्लीव्हमधून धुराची एक बारीक रेघ वर आली. स्लीव्ह चाकूने चिरली. आत लग हातोडीने ठोकून चपटा केलेला, एका बाजूने तारा दबलेल्या आणि दुसऱ्या बाजूने काडीपेटीची काडी सहज जाईल एवढी फट. तारांची टोकं काळीनिळी. जाड लगला षट्कोनी दाब देणारं हायड्रॉलिक क्रिम्पिंग टूल लागतं. पक्कड किंवा हातोडी चालत नाही. ते तुमच्याकडे नसेल तर मापाची केबल लगसकट तयार करून घ्या.

पैसा खर्च न करता सांधा शोधायची युक्ती: पाच-सात सेकंदांची एक ओढ घ्या, मेन स्विच बंद करा आणि लगेच एकेका जोडाजवळ हाताची मागची बाजू न्या. सगळे जोड सारखेच कोमट असायला हवेत. एखादा बाकीच्यांहून स्पष्ट गरम लागला तर तोच. आधी जवळ न्या, मग टेकवा. जोड भाजण्याइतका तापलेला असू शकतो.

४. अर्थ: सगळ्यात जास्त इथेच

विंचला अर्थच्या (अर्थिंगच्या, म्हणजे करंट मायनसकडे परत नेणाऱ्या) दोन वायरी असतात आणि दोन्ही विसरल्या जातात.

पहिली जाड काळी केबल. ती मोटरच्या अर्थ स्टडपासून थेट बॅटरीच्या मायनसला गेली पाहिजे. ‘बॉडी म्हणजेच मायनस’ म्हणून ती बंपरच्या एखाद्या बोल्टला लावून दिलेली असते. हेडलाइटला हे चालतं. ४०० अँपिअरला नाही; कारण बंपर रंगवलेला, बंपर आणि चेसिस यांच्यामध्ये रबराची बुशं, आणि चेसिसकडून बॅटरीकडे जाणारी गाडीची मूळ वायर सेल्फच्या हिशोबाची. काही नव्या गाड्यांत मायनसच्या टर्मिनलवर बॅटरीचा सेन्सर बसवलेला असतो. तिथे जादा अर्थ नेमका कुठे जोडायचा हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, अंदाजाने जोडू नका.

दुसरी बारीक काळी वायर, कंट्रोल बॉक्समधून बाहेर आलेली. बोटभर लांबीची असते म्हणून कुणी तिला मोजत नाही. पण कॉन्टॅक्टरच्या (मोटरचा मोठा करंट जोडणाऱ्या विजेच्या स्विचच्या) कॉइलचा परतीचा रस्ता तीच. ती लोंबत असेल, किंवा रंगावर आवळलेली असेल, तर ‘टक’सुद्धा येणार नाही, किंवा येईल आणि जाईल.

माझी फजिती इथलीच. अख्खा दिवस घालवून एक विंच उतरवली, मोटर खोलली, कार्बन साफ केले, गिअरबॉक्सला नवं ग्रीस भरलं, संध्याकाळी परत चढवली. तशीच. वैतागून कंट्रोल बॉक्सला एक चापट मारली आणि ती चालली! बॉक्सच्या पट्टीवर पावडर कोटिंगचा जाड थर होता आणि ती बोटभर वायर त्या थरावरच आवळलेली. बोल्टच्या आट्यांतून जेवढा करंट मिळेल तेवढ्यावर बिचारी तगत होती. दोन इंच पॉलिश पेपरचं काम.

५. लोडवर व्होल्टेज ड्रॉप

इथून पुढे अंदाज संपतो. मल्टिमीटरला लांब वायरी आणि क्रोकोडाइल क्लिप लावा. हलक्या चढावर गाडी न्यूट्रलला, एक माणूस आत ब्रेकवर, दोर पट्ट्याने भक्कम झाडाला किंवा खांबाला, मेन स्विच चटकन हाताशी येईल असा. ब्रेकवरचा पाय हलकासा दाबून लोड वाढवता येतो. एका वेळी तीन सेकंदांची ओढ, मधे मिनिटभर विश्रांती. मीटर बघणारा बाजूला उभा, दोराच्या रेषेत नाही.

आधी बॅटरीच्या दोन खांबांवर मीटर लावा. ओढताना १०.५ च्या वर राहिली तर बॅटरी ठीक. १० च्या खाली घसरली तर बॅटरीच दुबळी आहे, पुढे जाण्यात अर्थ नाही.

मग मीटरची लाल क्लिप बॅटरीच्या प्लस खांबाच्या शिशावर (लगवर नव्हे), काळी क्लिप कॉन्टॅक्टरच्या बॅटरीकडच्या स्टडवर. ओढताना दिसणारा आकडा म्हणजे त्या वाटेत हरवलेले व्होल्ट. अर्ध्या व्होल्टपर्यंत असेल तर सोडून द्या. एकच्या वर गेला तर चोर त्या वाटेत आहे. आता क्लिप एकेक जोड पुढे सरकवत जा. ज्या दोन जागांच्या मधे आकडा उडी मारतो तिथे पाना लावा. मग असंच मायनसच्या बाजूला, बॅटरीच्या मायनस खांबापासून मोटरच्या अर्थ स्टडपर्यंत. लोक प्लस तपासून थांबतात, आणि दोष निम्म्या वेळा मायनसमध्ये असतो.

आकडा कुठेच उडी मारत नसेल, वाटभर सारखा वाढत जात असेल, तर सांधे चांगले आहेत आणि केबल बारीक आहे. ३५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल ४०० अँपिअरला दर मीटरमागे साधारण ०.२ व्होल्ट खाते. १६ ची खाते ०.४३. पुढच्या बंपरवर विंच असेल तर जाऊन-येऊन चार मीटर धरा: ३५ ला पाऊण-एक व्होल्ट, १६ ला पावणेदोन. विंच मागे हौद्याजवळ असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर होतात आणि ३५ ची केबलही २ व्होल्ट गिळते. तिथे ७० लागते. हिशोब नेहमी दोन्ही बाजूंचा करायचा, कारण करंट परतही येतो. आणि केबल घेताना वरच्या रबराची जाडी बघू नका, आतलं तांबं बघा. जाड कातडीची आणि आत मूठभर तारांची, तीही तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या, अशी केबल मी एकदा कापून बघितली. दिसायला मापाची, कामाला निम्मी.

६. ड्रम हाताने फिरवून बघा

वीज बरोबर आहे, तरीही विंच जड चालते? क्लच मोकळा करा, सगळा लोड काढा आणि ड्रम हाताने फिरवा. तो थोड्याशा प्रतिकाराने पण सारखा फिरला पाहिजे. एखाद्या जागी अडखळत असेल, तर विंच बसवण्याच्या प्लेटचे चार बोल्ट अर्धा-अर्धा फेरा ढिले करा आणि पुन्हा फिरवा. आता मोकळा झाला? मग दोष प्लेटचा.

विंचच्या एका टोकाला मोटर, दुसऱ्या टोकाला गिअरबॉक्स, मधे ड्रम, आणि ड्रमच्या आतून जाणारा शाफ्ट. ही दोन टोकं एका रेषेत धरून ठेवायचं काम प्लेटचं. प्लेट पत्त्याच्या पानाएवढी जरी पिळलेली असली, तरी बोल्ट आवळताच विंचही तशीच पिळते, ड्रम घासायला लागतो आणि मोटर स्वतःच्याच अंगाशी कुस्ती खेळते. घरी वेल्डिंग केलेल्या प्लेटवर हे हमखास. वेल्ड थंड होताना पत्रा ओढला जातो. उपाय म्हणजे प्लेट सपाट करून घेणं, नाहीतर बदलणं. वॉशर भरून तात्पुरतं साधेल, पण मग त्या वॉशरवरच सगळी ओढ येते.

बहुतेक मोठ्या विंचच्या बोल्टची जागा २५४ बाय ११४.३ मिलिमीटर अशी ठरलेली असते, आणि बोल्ट किमान ८.८ ग्रेडचे लागतात. डोक्यावर आकडा नसलेला बोल्ट तिथे नको. बोल्ट विंचसोबत आलेल्या लांबीपेक्षा मोठा घेऊ नका. तो आत टेकतो, आवळल्यासारखा वाटतो आणि प्लेट मात्र ढिलीच राहते.

७. कॉन्टॅक्टर

जुन्या विंचवर चार सोलेनॉइड असतात, नव्यांवर एकच बंद डबीचा कॉन्टॅक्टर. काम एकच: बारीक करंटने मोठा करंट जोडायचा आणि दिशा बदलायची. एकाच दिशेला चालणाऱ्या विंचचा संशय आधी रिमोटच्या बटणावर घ्या, मग यावर.

‘टक’ येतो म्हणजे कॉइल खेचतेय. बटण दाबलेलं असताना बॅटरीकडचा स्टड आणि मोटरकडे जाणारा त्या दिशेचा स्टड यांच्यामध्ये मीटर लावा. जवळजवळ शून्य आला तर आतले संपर्क जुळताहेत. बारा व्होल्ट आला तर आवाज खोटा आहे. आत तांब्याच्या टिकल्या जळून खड्डे पडलेत.

ती टिमकीसारखी सलग टकटक मात्र कॉन्टॅक्टरचा दोष नसते. कॉइल खेचते, संपर्क जुळतो, मोटर करंट मागते, व्होल्टेज कोसळतं, कॉइल सुटते, व्होल्टेज परत येतं, कॉइल पुन्हा खेचते. म्हणजे परत पायरी दोन ते पाच. आणि हे चालू असताना बटण दाबून धरू नका, कारण प्रत्येक टकेला आत ठिणगी उडते. एखाद्या ठिणगीला टिकल्या वितळून एकमेकींना चिकटतात आणि विंच थांबायचं नाव घेत नाही. दुबळ्या बॅटरीवर हट्टाने विंच चालवली की कॉन्टॅक्टर मरतो तो असा.

कॉन्टॅक्टर बदलताना वायरी काढण्याआधी फोटो काढा. फक्त रंगांवर विसंबू नका.

८. मोटर, सगळ्यात शेवटी

मोटरच्या स्टडवर लोडमध्ये पुरेसे व्होल्ट पोचताहेत, ड्रम मोकळा आहे, कॉन्टॅक्टर चांगला आहे आणि तरी ओढ नाही. तेव्हाच मोटरकडे या. मोटर फिरतच नसेल तर बॉडीवर लाकडी ठोकळ्याने हलके ठोके द्या. त्यावर ती एकदम फिरली तर कार्बन अडकलेत किंवा झिजलेत. महिनोनमहिने न वापरलेल्या, वर पाणी उडत राहिलेल्या विंचचं हे ठरलेलं दुखणं. कम्युटेटरवर गंजाची साय चढते, कार्बनच्या स्प्रिंगा जाम होतात. म्हणून महिन्या-दोन महिन्यांतून एकदा दोर पूर्ण सोडायचा (ड्रमवर शेवटचे वेढे ठेवून: पोलादी दोराचे किमान पाच, सिंथेटिकचे आठ-दहा) आणि हलक्या ताणाखाली परत गुंडाळायचा.

कार्बन बदलणं जमणाऱ्याला जमतं. पण उघडल्यावर जळक्या व्हार्निशचा वास आला किंवा आर्मेचरची तार काळी दिसली तर झाकण लावा, ते रिवाइंडिंगवाल्याचं काम आहे. तीन स्टडच्या मोटरला बॅटरी थेट लावून बघायची असेल तर कुठला स्टड कुठल्याला जोडायचा हे त्या मोटरच्या पुस्तिकेतूनच घ्या. चुकीची जोडणी म्हणजे सरळ शॉर्ट.

सगळं चांगलं आहे आणि तरीही ओढत नाही

मग विंचच छोटी आहे. किंवा दोर चुकीच्या थरावर आहे.

विंचवर लिहिलेला आकडा ड्रमवरच्या पहिल्या थराचा असतो. वर थर चढत गेले की ड्रमचा व्यास वाढतो आणि ओढ घटते. चौथ्या थरावर ती साधारण ६०-६५ टक्क्यांवर येते. म्हणजे ४३०० किलोची विंच दोर जेमतेम चार मीटर बाहेर काढून वापरली, तर प्रत्यक्षात २६००-२८०० किलोची विंच वापरताय. आणि नेमकं तसंच होतं, कारण जवळच्या झाडाला बांधायचा मोह सगळ्यांना होतो. लांबचं झाड घ्या, किंवा स्नॅच ब्लॉक (दोर वळवून परत आणणारी कप्पी) टाकून दोर दुहेरी करा. ब्लॉकने ओढ जवळपास दुप्पट होते, वेग निम्मा होतो, मोटरवरचा भार उतरतो आणि दोर जास्त बाहेर गेल्याने खालचा थर मिळतो. अशा कित्येक ‘बिघडलेल्या’ विंच मी फक्त ब्लॉक टाकून चालवून दाखवल्यात.

निवडताना भरलेल्या गाडीच्या एकूण वजनाच्या दीडपट हा हिशोब धरा. रिकाम्या गाडीचं वजन घेणं ही पिकअपवाल्यांची नेहमीची चूक. हौद्यातला माल, जादा टायर, बंपर आणि खुद्द विंचचं वजनही त्यात येतं. एकूण ३००० किलो भरत असेल तर ४५०० किलोची विंच. चाकं अर्धी रुतलेली असतील तर तीही सहज ओढणार नाही. आधी फावडं, मग विंच.

मोटरचा प्रकारही बघा. परमनंट मॅग्नेटची मोटर करंट कमी घेते पण लवकर तापते. सीरिज वाउंड जास्त खाते पण जड कामाला टिकते. कुठलीही असो, जवळपास पूर्ण लोडवर मिनिटभर ओढली की तिला थांबवून गार होऊ द्यायचं. मोटरच्या बॉडीवर हात ठेववत नसेल तर ओढ थांबवा. ‘गरम झाल्यावर चालत नाही’ ही कित्येकदा तक्रार नसतेच, ती मोटरची विनंती असते.

इथे हात थांबवा, जाणकाराला बोलवा

बटण सोडूनही विंच चालू राहते: मेन स्विच बंद, नसेल तर बॅटरीची केबल काढा. चिकटलेला कॉन्टॅक्टर ठोकून सुटतो, आणि पुढच्या वेळी पुन्हा चिकटतो. तो बदलल्याशिवाय विंच वापरायची नाही. मेन स्विच बसवलेला नसेल तर आजच बसवा; बॅटरीपासून बंपरपर्यंत सतत जिवंत असलेली केबल पत्र्याच्या धारेवर घासून शॉर्ट झाली तर तिला थांबवणारं दुसरं काही नसतं.

थांबवल्यावर लोड मागे सरकतो: एक गोष्ट मात्र स्वतः बघा. दोर ड्रमवर विंचच्या बॉडीवर दाखवलेल्या बाणाप्रमाणेच गुंडाळलेला आहे का? उलटा गुंडाळला की ‘आत’चं बटण ‘बाहेर’चं होतं आणि बऱ्याच विंचमध्ये ब्रेक त्या दिशेला धरतच नाही. दोर बरोबर असेल तर ब्रेक झिजलाय, आणि ब्रेक उघडायचं काम घरचं नाही. ब्रेक बहुतेक विंचमध्ये ड्रमच्या आतच असतो. लोड लावून दोर बाहेर सोडत राहिलं की तो तापतो आणि वरचा सिंथेटिक दोर आतल्या बाजूने मऊ पडतो. बाहेरून दोर नवा दिसतो, म्हणून पहिला थरही उलगडून बघा. चकाकणारे कडक पट्टे दिसले तर दोर बदला.

चेसिसला किंवा प्लेटला तडा, बोल्टची भोकं लांबट झालेली: वर वेल्डिंगचा टाका मारून भागवू नका. चेसिसवरचं वेल्डिंग कुठे चालतं आणि कुठे नाही हे माहीत असलेल्या माणसाकडेच जा. पुढे एअरबॅगचे सेन्सर किंवा त्यांच्या वायरी असतील तर बंपरला कापाकापी करण्याआधीसुद्धा तेच. आणि गिअरबॉक्समधून खडखड येत असेल, ग्रीसमध्ये चकचकीत कण दिसत असतील, तर एकही ओढ घेऊ नका.

जाणकाराकडे जाताना चार आकडे कागदावर लिहून न्या: बॅटरीचे आरामातले व्होल्ट, लोडवरचे व्होल्ट, प्लसच्या वाटेतला ड्रॉप, मायनसच्या वाटेतला ड्रॉप. त्याचा अर्धा दिवस वाचतो. फक्त मोटर घरी खोलून, कार्बनच्या स्प्रिंगा प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेऊ नका; त्यातली एक हमखास वाटेत हरवते.